कोरा चेक, निकाली निघालेला दावा आणि अडवलेली फाईल: वकिलाविरुद्ध तक्रार करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील रस्ता अपघातात गेले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आईच्या नावे दावा लावला, विमा कंपनीशी तडजोड झाली आणि ९,४०,००० रुपये आईच्या खात्यात जमा झाले. वकिलांनी आईची सही असलेला एक कोरा चेक आधीच घेऊन ठेवला होता. पैसे आल्यावर दोन दिवसांत त्या चेकवर २,८२,००० रुपये निघाले. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "तीस टक्के ठरले होते." पावती नाही, लेखी काही नाही. याच वकिलांकडे शेतजमिनीच्या वाटपाचा दावाही होता. "पुढची तारीख पडली," असं ते दर वेळी सांगत राहिले, आणि मुलाने मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडून पाहिलं तर दावा चार महिन्यांपूर्वीच गैरहजेरीमुळे निकाली निघालेला. फाईल मागितली तर म्हणतात, राहिलेली फी भरा, मग देतो. आई म्हणते जाऊ दे, त्यांनी भरपाई तर मिळवून दिली. मुलगा विचारतो, बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, तक्रार करून काही होतं का, की सगळे वकील एकमेकांना सांभाळून घेतात?

मी ३२ वर्षं वकिली करतोय. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीपुढे तक्रारदारांच्या बाजूने उभा राहिलोय आणि ज्यांच्यावर तक्रार झाली त्या वकिलांच्या बाजूनेही. त्यामुळे दोन्हीकडून पाहिलेलं सांगतो. पण तक्रारीकडे वळण्याआधी एक काम याच आठवड्यात करा.

तो जमिनीचा दावा आधी वाचवा. रागाच्या भरात लोक वकिलाच्या मागे लागतात आणि दाव्याची मुदत हातची जाते, हे मी फार वेळा पाहिलंय. गैरहजेरीत निकाली निघालेला दावा पुन्हा फाईलवर घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ खाली अर्ज करता येतो. त्याला मुदत ३० दिवसांची. तुमचे चार महिने झालेत, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज लागेल, आणि विलंबाचं कारण तारखांनिशी शपथपत्रावर सांगावं लागेल. त्यासाठी रोजनाम्याची, म्हणजे न्यायालय दर तारखेला ठेवतं त्या नोंदींची, नक्कल काढा. दावा निघाला त्या दिवशी प्रतिवादी हजर होते की दोन्ही बाजू गैरहजर होत्या, हे रोजनाम्यातच कळतं आणि त्यावरूनच अर्ज नियम ४ खाली की नियम ९ खाली हे ठरतं. वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला देऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच सांगितलंय. अलीकडे न्यायालयं असंही विचारतात की वकील नेमल्यावर तुम्ही स्वतः काही चौकशी केलीत की नाही. म्हणून वकिलांना केलेले फोन, पाठवलेले मेसेज, त्यांनी दिलेली "तारीख पडली" ही उत्तरं, हे सगळं जपून ठेवा. मेसेज पुसू नका, फोन बदलू नका.

नवीन वकील तुम्हाला आधीच्या वकिलांची ना हरकत आणायला सांगतील. ती मिळाली नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच सोय आहे: आधीच्या वकिलाची संमती मिळत नसेल तर नव्या वकिलाने कारण देऊन न्यायालयाकडे अर्ज करायचा आणि परवानगी घेऊन वकीलपत्र दाखल करायचं. फाईल हातात नसली तरी दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), दस्तऐवज यादी, सगळ्याच्या नकला नक्कल विभागातून निघतात. मूळ सातबारा, फेरफार, वडिलांचे खरेदीखत असं काही त्या फाईलमध्ये असेल, तर त्याची वेगळी यादी आजच करून ठेवा.

आता तक्रारीकडे येऊ. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि समितीपुढे त्या तिन्हींचं वजन सारखं नाही.

सगळ्यात जड आहे तो पैशांचा भाग. इथे वकिलांनी स्वतःच्या बचावात जे वाक्य म्हटलंय, तेच त्यांच्या विरोधात जातं. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा मिळालेल्या रकमेत हिस्सा घेणं भारतात वकिलाला मनाई आहे. "तीस टक्के ठरले होते" हे खरं धरलं तरी तो गैरवर्तनाचा कबुलीजबाब आहे. हा नियम नवा नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मुंबईच्या एका वरिष्ठ वकिलाचं प्रकरण आलं होतं. वसुलीतले ५० टक्के घेण्याचा करार त्यांनी अशिलाशी केला होता. दुसऱ्या कुणी असा करार केला असता तर तो चालला असता, पण वकिलाने केला म्हणून ते व्यावसायिक गैरवर्तन ठरलं. त्या काळी अशा निकालांत वकिलाचं पूर्ण नाव छापत नसत, "जी" एवढंच छापलेलं आहे. नियमामागचं कारण साधं आहे. दाव्याच्या रकमेत वकिलाचा वाटा आला की अशिलाचं हित आणि वकिलाचं हित यांत फरक पडायला लागतो. लवकर तडजोड केली तर वाटा लवकर मिळतो. मग अशिलाने आणखी लढावं की थांबावं, हा सल्ला वकील मोकळ्या मनाने देऊ शकत नाही. तुमच्या आईला विमा कंपनीचा तडजोडीचा आकडा स्वीकारायला का सांगितलं गेलं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो रास्त आहे.

व्यवहारात अपघात दाव्यांत टक्केवारी सर्रास चालते, हे मी नाकारत नाही. बार रूममध्ये याबद्दल कुणी आवाजही खाली करत नाही. पण सर्रास चालतं म्हणून ते नियमात बसत नाही, आणि मला या गोष्टीची मनापासून चीड आहे. कारण या दाव्यांतली माणसं बहुतेक वेळा घरातला कमावता माणूस गमावलेली असतात.

टक्केवारी बाजूला ठेवली तरी अशिलाच्या पैशांबद्दल वकिलावर स्वतंत्र कर्तव्यं आहेत. अशिलाच्या वतीने पैसे आले की लवकरात लवकर कळवायचं, त्यांचा हिशेब ठेवायचा, मागितला की हिशेबाची प्रत द्यायची, ते पैसे स्वतःला उसने म्हणून वळवून घ्यायचे नाहीत. कोऱ्या चेकवर आपणच आकडा घालून पैसे काढायचे आणि नंतर हिशेब द्यायचा नाही, हे या सगळ्याच्या विरुद्ध आहे.

रक्कम लहान असेल तर समिती दुर्लक्ष करेल का, असं मला पक्षकार विचारतात. त्यांना मी एक निकाल सांगतो. उत्तर प्रदेशातल्या एका म्हाताऱ्या, निरक्षर शेतकऱ्याची जमीन संपादित झाली होती. भरपाईचे ८,११८ रुपये वकिलाने १९८७ साली न्यायालयातून उचलले आणि अशिलाला दिले नाहीत. तक्रार झाल्यावर त्याने अशिलाच्या नावाचं शपथपत्र दाखल केलं की आमचं मिटलं. अशिलाने ते साफ नाकारलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षांसाठी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, निलंबित केली. वकील त्याविरुद्ध अपिलात गेला, तर सर्वोच्च न्यायालयाने उलट त्यालाच विचारलं की तुझं नाव वकिलांच्या पटावरून का काढू नये, आणि शेवटी काढलं. शेवटचा निकाल २००२ चा. आठ हजार एकशे अठरा रुपयांसाठी माणसाची वकिली कायमची गेली. समिती रकमेपेक्षा विश्वास कसा मोडला हे पाहते, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

दुसरी गोष्ट, अडवलेली फाईल. यात कायदा अगदी स्वच्छ आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. एका सहकारी बँकेने वकील बदलला, जुन्या वकिलाने ९७,१०० रुपये फी बाकी आहे म्हणून फायली द्यायला नकार दिला. न्यायालयाने सांगितलं, फी थकली असेल तर वसुलीचे कायदेशीर मार्ग आहेत, पण अशिलाची कागदपत्रं म्हणजे तारण नव्हे. फाईल परत न देणं हे गैरवर्तन ठरलं. त्या वकिलाला तोवर कायदा इतका स्पष्ट नव्हता म्हणून फक्त ताकीद मिळाली. आज कुणाला ती सबब उरलेली नाही. तुम्ही रजिस्टर पोस्टाने पोच पावतीसह एक साधं पत्र पाठवा: अमुक दाव्याची फाईल आणि अमुक मूळ कागद इतक्या दिवसांत परत करावेत. पत्रात फीचा वाद काढू नका, शिव्या नकोत, धमकी नको. हे पत्र पुढे पुराव्यात जाणार आहे, तेव्हा ते त्रयस्थ माणूस वाचणार आहे असं समजून लिहा.

तिसरी गोष्ट, तारखांना न जाणं. इथे मात्र मी तुम्हाला सावध करतो. वकिलाची प्रत्येक चूक गैरवर्तन होत नाही. १९८४ साली पुण्यातल्या दोन वकिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा सल्ला आणि अनुचित सल्ला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं म्हटलं. सद्‌हेतूने दिलेला सल्ला पुढे चुकीचा निघाला तर तेवढ्यावर सनदेला हात लावता येत नाही. दावा हरणं, युक्तिवाद फिका पडणं, एखादी तारीख चुकणं, यावर समिती काही करणार नाही आणि करूही नये. नाहीतर अवघड केस घ्यायला कुणी वकील पुढे येणार नाही.

पण तुमच्या बाबतीत नुसती तारीख चुकलेली नाही. दावा निघून गेल्यावरही "तारीख पडली" असं सांगितलं गेलं. चुकीचं तिथे फसवणुकीत रूपांतर होतं आणि तुमची तक्रार नेमकी त्या वाक्यावर उभी राहायला हवी. न्यायालयाचा वेळ आणि लोकांची फरफट यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात कडक भाषा वापरली होती. एक साक्षीदार उलटतपासणीसाठी पुन्हा पुन्हा न्यायालयात येत होता आणि समोरचे वकील खोटी कारणं देऊन तहकुबी घेत होते. त्याने तक्रार केली, राज्याच्या बार कौन्सिलने ती प्राथमिक टप्प्यावरच फेटाळली, बार कौन्सिल ऑफ इंडियानेही हस्तक्षेप केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले आणि साक्षीदाराला असं झुलवणं गैरवर्तन ठरतं असं सांगून तक्रार शिस्तपालन समितीकडे पाठवायला लावली. म्हणजे पहिल्या पायरीवर दार बंद झालं तरी पुढे रस्ता आहे, हे लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चं कलम ३५ हा याचा पाया. तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करायची, कारण वकिलाची सनद ज्या राज्याच्या पटावर असते त्या राज्याच्या कौन्सिलला अधिकार असतो. दाव्याप्रमाणे अर्ज लिहायचा, खाली मजकूर खरा असल्याचं सत्यापन करायचं, ठरलेलं शुल्क भरायचं. तक्रार मराठीत चालते. नियमात राज्याच्या भाषेला जागा आहे, आणि प्रकरण पुढे दिल्लीला गेलं तर इंग्रजी भाषांतराची जबाबदारी राज्य कौन्सिलची आहे. हे मुद्दाम सांगतोय, कारण इंग्रजीत लिहून घेण्यासाठी लोक पुन्हा तिसऱ्याच माणसाला पैसे देतात आणि त्या इंग्रजीत त्यांची मूळ हकीकत हरवून जाते.

लिहिताना विशेषणं टाळा. "अत्यंत भ्रष्ट आणि नीच" असं लिहिलेल्या तक्रारी मी वाचल्यात. त्यांत पाच पानांत एकही तारीख नसते. तुम्ही असं लिहा: अमुक तारखेला वकीलपत्र, अमुक तारखेला कोरा चेक घेतला, अमुक तारखेला खात्यात रक्कम जमा, अमुक तारखेला चेक वटला, अमुक तारखेला दावा निकाली, त्यानंतर अमुक तारखेच्या मेसेजमध्ये "पुढची तारीख" असं उत्तर. प्रत्येक वाक्यासमोर जोडपत्राचा क्रमांक. दोन-तीन पानं पुरेशी होतात.

कौन्सिलला आधी बघावं लागतं की गैरवर्तन झालंय असं मानायला कारण आहे का. तसं वाटलं तरच प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. ही चाळणी महत्त्वाची आहे, कारण हरलेले पक्षकार समोरच्या बाजूच्या वकिलावरही तक्रारी ठोकतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दोन प्रकरणांत अशा तक्रारी रद्द करून बार कौन्सिलवरच खर्च बसवला. त्यातल्या एका वकिलाने फक्त शपथपत्र करणाऱ्याची ओळख पटवली होती. तुमची तक्रार तुमच्याच वकिलावर आहे, म्हणून ती अडचण तुम्हाला येणार नाही.

समितीत तिघे असतात: दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरून घेतलेला अनुभवी वकील. समितीला साक्षीदाराला बोलावण्याचे, शपथेवर तपासण्याचे, कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. राज्याच्या महाधिवक्त्यांनाही, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनाही, नोटीस जाते. कायद्याने एक वर्षात निकाल व्हायला हवा. नाही झाला तर कलम ३६-ब नुसार प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पुन्हा बजावलंय की ही एक वर्षाची मर्यादा पाळा. प्रत्यक्षात उशीर होतो, तारखा पडतात. धीर धरा, पण वर्ष उलटलं की लेखी अर्ज करून विचारा.

समितीला मोजक्याच गोष्टी करता येतात: तक्रार फेटाळणं, ताकीद देणं, ठरावीक काळासाठी निलंबन करणं, पटावरून नाव काढणं. निलंबनाच्या काळात त्या वकिलाला भारतातल्या कुठल्याही न्यायालयात किंवा अधिकाऱ्यापुढे वकिली करता येत नाही. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, तिथून पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे.

पुराव्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तक्रारी इथेच कोसळतात. माणसाची सनद जाणं म्हणजे त्याची भाकरी जाणं, म्हणून ही कार्यवाही फौजदारीच्या जवळची मानली जाते आणि संशयाचा फायदा वकिलाला मिळतो. तुमच्या आईचा शब्द विरुद्ध वकिलाचा शब्द एवढंच असेल तर तक्रार टिकणं कठीण आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका विधवा बाईंच्या वतीने समितीपुढे होतो. साठी ओलांडलेल्या, हातात कापडी पिशवी, तीत बँकेचं पासबुक आणि घडी घालून घालून फाटायला आलेली न्यायालयाची नोटीस. समोरच्या वकिलाने उलटतपासणी सुरू केली.

"चेकवर सही तुमचीच ना?"

"माझीच."

"वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

"मग कोरा चेक का दिलात?"

बाईंनी समितीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "ते वकील होते म्हणून."

खोलीत कुणी काही बोललं नाही. पण नुसत्या त्या उत्तरावर आम्ही जिंकलो नसतो. जिंकलो ते बँकेतून काढलेल्या चेकच्या प्रतीवर. सही बाईंची, थरथरत्या हाताने मोठ्या देवनागरी अक्षरांत. बाकी सगळं, नाव, अक्षरी रक्कम, तारीख, झरझर इंग्रजी अक्षरात. समितीच्या अध्यक्षांनी तो कागद वकीलपत्राशेजारी ठेवला. वकीलपत्रातल्या रिकाम्या जागा त्याच अक्षरात भरलेल्या होत्या. पुढे वकिलांकडून फीची पावती मागितली, ती नव्हती. हिशेबवही मागितली, तीही नव्हती. निलंबन झालं.

म्हणून तुम्ही पहिल्यांदा बँकेत जा. आईच्या सहीने अर्ज द्या आणि वटलेल्या चेकची पुढची-मागची प्रत व खातेउतारा मागा. चेक कुणाच्या नावावर होता, रोख काढला की खात्यात जमा केला, हे त्यावर दिसेल. न्यायाधिकरणातून तडजोडीची पुरसिस (पक्षकारांनी दिलेलं लेखी निवेदन) आणि निवाड्याची नक्कल काढा. तडजोडीवर आईच्या सह्या कुठे आहेत, कोऱ्या कागदावर घेतलेल्या वाटतात का, हेही पाहा. राजस्थानातल्या एका प्रकरणात अशिलाकडून घेतलेलं कोरं वकीलपत्र आणि सहीचा कोरा कागद वापरून वकिलाने समोरच्या पक्षाशी खोटी तडजोड तयार केली होती. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते गंभीर गैरवर्तन ठरवलं. तुमच्याकडे तसं झालंय असं मी म्हणत नाही, पण जिथे कोरा चेक घेतला गेला तिथे कोरे कागदही घेतले गेले असतील, ही शक्यता तपासायलाच हवी.

पैसे परत मिळतील का, याचं उत्तर सरळ देतो. शिस्तपालन समितीकडून नाही. तक्रारीचा खर्च देण्याचा आदेश ती करू शकते, पण २,८२,००० रुपयांची वसुली हे तिचं काम नाही. नोटीस गेल्यावर बरेच वकील पैसे परत करतात, हेही खरं. पण तुम्ही तक्रार मागे घेतली किंवा आपसात मिटलं, एवढ्या कारणाने कौन्सिल प्रकरण बंद करू शकत नाही असा नियम आहे. तेव्हा "पैसे द्या नाहीतर तक्रार करतो" असला सौदा करू नका. ते नियमाला धरून नाही, आणि ते मेसेज पुढे तुमच्याच विरोधात दाखवले जातील.

वसुलीसाठी दिवाणी दावा आहे, त्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. सोपवलेली रक्कम लुबाडली असं दिसत असेल तर फौजदारी विश्वासघाताची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली होते. पैसे १ जुलै २०२४ च्या आधी काढले असतील तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं लागतील. या दोन्ही वाटा आणि बार कौन्सिलची तक्रार एकाच वेळी चालू शकतात. ग्राहक आयोगाची वाट मात्र बंद आहे. १४ मे २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. कुणी तुम्हाला "ग्राहक मंचात टाकू" असं सांगून फी घेत असेल तर त्याला हा निकाल दाखवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, वकील वकिलांना सांभाळून घेतात का. कधी कधी घेतात. प्राथमिक टप्प्यावर दोन ओळींत फेटाळलेल्या तक्रारी मी पाहिल्यात, ज्यांत कागद अगदी बोलके होते. समितीत वकिलांशिवाय कुणी नसतं, कौन्सिलचे सदस्य वकिलांच्याच मतांवर निवडून येतात, आणि त्यामुळे तक्रारदाराच्या मनात शंका येणं स्वाभाविक आहे. माझं मत असं की समितीत एक तरी वकील नसलेला माणूस बसायला हवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ च्या कायद्यानंतर वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला, तो २०१० पासून काम करतोय. आपल्याकडे हा विचार अजून नीट सुरूही झालेला नाही, आणि बारमध्ये मी हे बोललो की काही जणांना आवडत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एका वकिलाने अशिलाला पत्र लिहिलं होतं की न्यायाधीश लाच घेतात, १०,००० रुपये पाठव. त्यात राज्य कौन्सिलने दोन वर्षांचं निलंबन केलं, बार कौन्सिल ऑफ इंडियाने ते वाढवून कायमचं केलं, मग पुनर्विलोकनात फक्त ताकिदीवर आणलं, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायमची बंदी घातली. व्यवस्था डळमळते, पण वर अपिलात ती सावरलीही जाते. आणि समितीत बसलेल्या कित्येक वकिलांना आपल्या व्यवसायाची लाज राखायची असते. त्या बाईंच्या प्रकरणातले अध्यक्ष तसे होते.

तुमच्या आईबद्दल. त्यांना वाटतंय की ज्याने भरपाई मिळवून दिली त्याच्यावर तक्रार करणं कृतघ्नपणा होईल. त्यांना एवढंच सांगा की भरपाई न्यायाधिकरणात मंजूर झाली ती वडिलांच्या मृत्यूमुळे. वकिलाला त्यासाठी रीतसर फी मिळायलाच हवी होती, आणि ती पावतीवर मागितली असती तर तुम्ही दिलीच असती. तक्रारीवर सही मात्र त्यांचीच लागेल, कारण चेक त्यांचा, अशील त्या, आणि साक्षही त्यांनाच द्यावी लागेल. त्यांची इच्छा नसेल तर त्यांच्यावर दबाव टाकून सही घेऊ नका. एकदा साक्षीला उभं राहिल्यावर त्यांना उलटतपासणी सोसावी लागेल, तीही एका अनुभवी वकिलाची. कलम ३५ मध्ये तक्रारीला ठरावीक मुदत घातलेली नाही; फार उशीर झाला तर त्याचं कारण विचारलं जातं, पण दोन-तीन महिने विचार करायला त्यांना खुशाल द्या. जमिनीच्या दाव्याचा अर्ज आणि बँकेतली चेकची प्रत, ही दोन कामं मात्र त्यांच्या निर्णयासाठी थांबवू नका. वाटपाच्या दाव्यात वादी म्हणून तुमचंही नाव असेल तर तिथल्या अर्जावर तुम्ही स्वतः सही करू शकता. बँकेच्या अर्जावर आईची सही घेताना तो अर्ज आधी पूर्ण भरा, त्यांना वाचून दाखवा, आणि मगच सही घ्या.